गजूच्या कमरेचा दोरा

मला एका सिस्टरनं फसवलं. दिलेली जबान मोडून फसवलं, आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको तिला सामील होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता माझाच गोंधळ होणार आहे आणि मग वाचणाऱ्याला वाटेल की या माणसाची काही तक्रारच नाही. तक्रार आहे.

पोळा सरला की आमच्या आर्णीकडच्या हवेत एक वास भरतो. ओल्या काळ्या मातीचा वास त्यात असतो, गाजरगवताचा असतो, आणि त्या दोन्हींच्या वर, नाकाच्या शेंड्यावर बसल्यासारखा, फवाऱ्याच्या औषधाचा. पाऊस उघाड देतो, ऊन चिकट होतं. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागते, मग डोक्यावर जाते. रस्त्यानं गाडीवर जाताना शेतात माणूस दिसत नाही. पंपाची घरघर ऐकू येते आणि कपाशीवर तरंगणारं पांढुरकं धुकं दिसतं. त्या धुक्याच्या आत कुणाचा तरी भाऊ असतो.

माझा भाऊही असाच एका वर्षी त्या धुक्यात होता. तो हंगाम मी विसरलो होतो असं नाही, पण त्याचा हिशेब माझ्यापुरता मिटला होता. यंदा तो पुन्हा उघडला.

माय या उन्हाळ्यात गेली. ती होती तोवर गजूच्या कमरेच्या करदोड्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आमच्याकडं जित्या माणसाच्या कमरेला काळा दोरा असतोच. जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मगच जुना काढायचा, कंबर घटकाभरही मोकळी ठेवायची नाही. कमरेचा दोरा तोडून मोकळी करतात ती गेलेल्या माणसाची. गजूचा दोरा झिजून सुतासारखा झाला तरी माय बदलू देत नसे. म्हणायची, "या दोऱ्यानं माह्या पोराले राखलं. हा राहू द्या." ती गेली, आणि पोळ्यानंतर एका सकाळी शोभानं, म्हणजे गजूच्या बायकोनं, बाजारातून नवा दोरा आणला. ओसरीवर गजू सदरा वर धरून लहान पोरासारखा उभा. तिनं नवा बांधला, जुन्याला कात्री लावली, त्यातला चांदीचा मणी नव्याच्या मोकळ्या टोकात ओवला. जुना दोरा फरशीवर पडला. नदीत सोडावा म्हणून मी उचलला.

आणि हातात घेतल्याबरोबर मला कळलं की हा आमचा माल नाही.

मी शेळ्या-बकऱ्यांचा व्यापारी आहे. शाळा लवकर सुटली, दुसऱ्याच्या शेळ्या पायी बाजारात नेता नेता माझ्या झाल्या. बोकड डोळ्यांनी बघतो, पण विश्वास हातावर ठेवतो. पापणी खाली ओढून आतला रंग बघायचा, पाठीच्या मणक्यावर बोट फिरवायचं, वजन हातालाच कळतं. बाजारात सौदा होतो तो दुपट्ट्याखाली. दोघांचे हात कापडाखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो, चारचौघांना दिसत नाही. पण एकदा हात सुटले की ठरलं ते ठरलं. ते मोडणाऱ्याबरोबर पुढच्या बाजारात कुणी चहासुद्धा पीत नाही. शिंगाला तेल चोपडून म्हातारा बोकड तरणा म्हणून विकायला आलेले लोक मी बाजारातून हाकलून लावले आहेत. म्हणजे फसवणूक मला कळते, असा माझा समज होता.

मायनं गजूचा करदोडा स्वतःच्या हातानं वळला होता. गोल, घट्ट, भरगच्च. माझ्या हातात होते बाजारातल्या बारीक दोऱ्याचे तीन पदर, नुसते एकत्र पिळलेले.

"शोभा, हा दोरा कोनाचा हाय?"

"त्याईचाच."

"मायनं वळलेला कुठं गेला?"

ती कात्री पुसत राहिली. "दादा, तुमी चिडसान."

"मी चिडलोच हाय. सांग."

गजू म्हणाला, "जाऊ दे ना दादा, जुनी गोठ हाय." म्हणजे त्यालाही ठाऊक होतं! त्या घरात ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आणि मायला.

तो हंगाम असा होता. वारा पडलेला, उकाडा अंगाला चिकटणारा. गजूनं सकाळपासून फवारा मारला. पंप पाठीवर गळत होता, सदरा भिजला, ते पाणी कमरेपर्यंत उतरलं. तो बांधावर आला आणि नुसता बसला. मी पोहोचलो तेव्हा तोंडाला फेस होता, अंग घामानं निथळत होतं आणि डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली होती. इतक्या शेळ्यांचे डोळे पाहिलेत मी, पण असा डोळा पाहिला नव्हता. जीपमध्ये घातला, माय आणि शोभाला सोबत घेतलं आणि दवाखान्यात नेला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

वॉर्डात त्या दिवसांत सगळे असेच. एका खाटेवर दोघं दोघं. एक सिस्टर इकडून तिकडं चाललेली, ठेंगणी, चष्मा, आवाज फाटका. वंदना सिस्टर म्हणायचे तिला. तिनं गजूकडं एकदा पाहिलं, डॉक्टरांना हाक मारली, सुई टोचता टोचताच आम्हाला म्हणाली, "कपडे काढा सारे. अंगावर सूत ठेवू नका. साबण लावा, केसातून, नखातून, सगळीकडून." आम्ही लावला. मग तिची कात्री कमरेकडं गेली आणि मायनं तिचं मनगट धरलं.

"जित्या मानसाचा करदोडा तोडतेस काय वो बाई? मेला काय तो?"

"मावशी, काढावा लागते."

मी मध्ये पडलो. मध्ये पडणं हा माझा धंदाच आहे. विचारलं, "दोरा तोडल्यानं वाचते का हा? देता का खात्री?"

ती गप्प राहिली. मी आयुष्यभर हेच केलं आहे. समोरचा गप्प राहिला की तिथंच सौदा पक्का करायचा. म्हटलं, "मंग दोऱ्याले साबन लावा, पन कैची लावायची नाई. द्या जबान."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी ओकलं. तिनं तिकडं पाहिलं. "दिली," म्हणाली. "सरका आता."

ती आता म्हणते, दोऱ्यात फवाऱ्याचं औषध मुरलं असेल असंही तिनं तेव्हा सांगितलं होतं. मला ऐकल्याचं आठवत नाही. त्या गलक्यात मला काय ऐकू येत होतं आणि काय नव्हतं, याची साक्ष आता मी कुणाची काढू?

त्यानंतरचं सगळं उलटंच होतं. दवाखान्याचं औषध लागू पडलं तसा गजूचा घाम आटला, तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, आणि तो बडबडायला लागला. हवेतून बोंडं वेचायचा. नसलेल्या बैलाला हाका मारायचा. खाटेवरून उतरायला लागला तेव्हा सिस्टरनं त्याचे हात पट्टीनं खाटेला बांधले. मी उसळलो. "मानूस हाय का जनावर?" ती म्हणाली, "भाऊ, औषध थोडं जास्त झालं, डॉक्टर कमी करतात. पण कोरडा पडला, हे चांगलं हाय." बडबडतो ते चांगलं! दुसऱ्या दिवशी तो शांत झोपला. मायनं देवाला हात जोडले, "निजला बापा माहा लेक." मीही पहिल्यांदा भिंतीला टेकलो. शेळी शांत बसून रवंथ करायला लागली की आपण समजतो, उतरलं. सिस्टर आली, तिनं त्याच्या काखेत हात घातला, हात ओला निघाला. पापणी उचलून बॅटरी मारली. छातीला नळी लावली. आणि तिचा चेहरा बदलला. झोपला होता ते वाईट होतं. विषानं त्याची छाती पुन्हा भरत होती.

डॉक्टर आले, औषध वाढवून गेले. ते गेल्यावर ती तिथंच उभी राहिली. हे मी पाहिलेलं आहे, शोभाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. तिनं त्याचे केस हुंगले. नखं पाहिली. उशी उलटी करून पाहिली, चादर पाहिली. मी बाजारात एखादं जनावर का खात नाही ते शोधताना जसा त्याच्याभोवती फिरतो, तशी ती त्याच्याभोवती फिरली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, चांगला साबण आणा बाहेरून. अन् मावशीले चहा पाजून आणा, सकाळपासून उपाशी हायेत त्या."

मला तेव्हा ती माणुसकी वाटली होती. मायला घेऊन मी गेलो. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर मायनं बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत म्हणाली, "बाई बोलाले खराब हाय, पन मनाची चांगली हाय." मी हो म्हटलं. हे हो आता मागं घेता येत नाही.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा आत काय झालं, ते शोभानं ओसरीवर सांगितलं. सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुह्या नवऱ्याच्या दोऱ्यातून मले अजून वास येते. काढू का? तू हो म्हन नाही तं नाही म्हन, पन आता म्हन." शोभा म्हणाली, "मोकळी कंबर ठेवू नका बाई, सासू मरन माही." मग सिस्टरनं तिला बाळंतिणींच्या वॉर्डात पिटाळलं. तिथं तांड्यावरची एक बाई होती. तिनं आपल्या नव्या बाळाच्या कमरेला बांधायला काळ्या दोऱ्याची गुंडाळी आणली होती. शोभानं मागितला, तिनं दातानं तोडून दिला. विचारलंसुद्धा नाही म्हणे कशाला. सिस्टरनं त्याचे तीन पदर करून गजूच्या कमरेला आधी तो बांधला, मग मायचा दोरा कापला. मणी नळाखाली साबणानं घासला, परत घासला, नव्या दोऱ्याच्या टोकात ओवला. जुना दोरा पिशवीत घालून कचऱ्यात टाकला. त्याच्या कमरेला गोल लाल वळ होता म्हणे, भाजल्यासारखा.

मी परत आलो. गजूला पुन्हा आंघोळ घातलेली. चादर नवी. माझा स्वभावच असा की मी चादरीखाली हात घालून तपासलं. बोटाला मणी लागला. समाधान झालं. मायनंही चाचपलं, तिलाही मणीच लागला.

बघा! शिंगाला तेल लावणारे बरे.

त्यानंतर गजू सुधारत गेला. घरी आला. दोरा बारीक दिसला की माय म्हणायची, झिजला. मायनं गावभर सांगितलं की करदोड्यानं राखलं, आणि गावानं मान डोलावली. मीही डोलावली.

आता मी या सगळ्याकडं कुठून बघू? मायचा दोरा राखणारा होता म्हणावं तर त्यातच विष मुरलेलं. तांड्यावरच्या त्या बाळाचा दोरा राखणारा म्हणावं तर तो दोरा म्हणजे दोराच. सिस्टरनं राखलं म्हणावं तर तिनं मला फसवलं. मला न फसवता राखता आलं नसतं का? रात्रंदिवस डोक्यात हेच. बाजारात एका गिऱ्हाइकाशी भाव करताना बोट कुठलं दाबलं तेच विसरलो. तो म्हणाला, "का बे, तब्येत बरी नाई का?" मी त्याच्यावरच ओरडलो.

शेवटी गाडी काढली. वंदना सिस्टर आता राळेगावच्या बाजूला एका लहान दवाखान्यात आहे असं कळलं होतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मध्ये काळा रस्ता, तोच वास. तोंडाला दुपट्टा गुंडाळला तरी येत होता. वाटेत मी भांडण पाठ करत गेलो. पहिलं वाक्य काय, ती काय म्हणेल, मग मी काय म्हणेन. गिऱ्हाईक फार हुशार असलं की मी असं करतो.

ती व्हरांड्यात हात धूत होती. केस पिकलेत. मी नाव सांगितलं तर तिला कळलं नाही. गजूचं सांगितलं, तरी नाही. मग म्हणाली, "चांदीचा मणी?"

"हो. मणीच. दोरा कुठं हाय माह्या मायचा?"

तिनं हात पुसले. "जिवंत हाय ना तो?"

"हाय. पन तुमी जबान दिलती."

"दिलती. मोडली."

पाठ केलेलं सगळं भांडण तिथंच संपलं. मोडणारा माणूस सबबी सांगतो, आपण त्या एकेक खोडतो, मग रंग चढतो. ही सरळ कबूल. मी म्हटलं, "मले सांगितलं असतं तं मी नाही म्हटलं असतं का?"

"तुमी खात्री मागितली असती भाऊ. माह्यापाशी नव्हती. अजूनही नाही." ती जवळच्या बाकावर बसली. "विष अंगात मुरलं की काही काही पेशंट सुधरून पुन्हा बिघडतात. दोरा असो नसो. डॉक्टरांनी औषधही वाढवलं होतं. दोऱ्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पन सगळं पाहून झालं होतं, अन् पाहाची जागा तेवढीच उरली होती. वास येत होता. म्हनून काढला. दोरा काढला म्हनून रात्री डॉक्टरांनाबी सांगितलं होतं."

"अन् मेला असता तं?"

"तं तुमच्या मायनं म्हटलं असतं, बाईनं करदोडा तोडला म्हनून गेला. बरोबर ना? मी काय जवाब दिला असता?" मग म्हणाली, "खात्री असती तं मी तुमच्याशी भांडली असती. सगळ्या वॉर्डासमोर भांडली असती. खात्री नव्हती, म्हनून लपून केलं."

हे वाक्य मी तेव्हापासून उलटंपालटं करून बघतो आहे. आमच्या धंद्यात ज्याला खात्री नसते तो हात काढून घेतो. हिनं खात्री नसताना हात घातला. आणि चूक निघाली असती तर तिच्या बाजूनं उभं राहायला कुणी नव्हतं, मी तर नव्हतोच. हे धाडस की आगाऊपणा? मला ठरवता येत नाही. मी बोकडाचं वय दातावरून सांगतो, पण हे सांगता येत नाही.

तेवढ्यात आतून गलका आला. ती उठली. मी मागोमाग गेलो. खाटेवर एक तरणाबांड माणूस, ओला, डोळ्यात तीच मोहरी. एक म्हातारा, त्याचा बाप असावा, त्याच्या कमरेवर दोन्ही हात दाबून बसलेला. सिस्टरच्या हातात कात्री. म्हातारा म्हणाला, "तोडू नोका बाई. तुमी खात्री देता का?"

 माझेच शब्द, दुसऱ्याच्या तोंडात.

सिस्टरनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, आलेच आहा तं सांगा याईले."

मी. ज्याचं तोंड कधी बंद नसतं तो मी. काय सांगू? दोऱ्यात विष आहे? ते मला नक्की ठाऊक नाही. दोरा तोडला तर वाचेल? तेही नाही. न तोडता वाचेल? नाही. मी एवढंच म्हणालो, "बावा, आधी नवा बांधा, मंग जुना तोडा. कंबर मोकळी राहत नाई."

"तू कोन?"

"माह्या भावाचा असाच तोडलता."

"वाचला का?"

"वाचला."

"दोऱ्यानं?"

मी गळ्यातला दुपट्टा ओढून काढला. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला, मग त्याचे हात सैल झाले. माझ्यामुळं झाले की थकून झाले, देव जाणे. मी माझ्या दुपट्ट्याची काळी किनार दातानं टराटर फाडली आणि दिली. सिस्टरनं ती बांधली, मग कात्री चालवली. तिनं माझे आभार मानले नाहीत. दुसऱ्या खाटेकडं गेली, कारण तिथं कुणीतरी ओकत होतं आणि आजही वॉर्डात ती एकटीच होती.

तो पोरगा वाचला की नाही, मला कळायचं आहे. कळलं तरी माझा गुंता सुटणार नाही, हेही मला दिसतं.

परतताना गाडी बांधाला लावून मी बराच वेळ उभा राहिलो. समोर कपाशीवर धुकं तरंगत होतं. राग गेला नव्हता, पण त्याला धरायला माणूस सापडेना. सिस्टरला धरावं तर ती कबूल करून मोकळी झाली. शोभाला धरावं तर ती म्हणते, तुमी चिडसान. माय नाही. मग त्या एवढ्या वॉर्डात एकच सिस्टर ठेवली कुणी? भेदरलेल्या बापाला आणि तापट भावाला दोन शब्द समजावून सांगायला एक जादा माणूस तिथं का नाही? माझ्याशी खरं बोलायला तिला वेळ नव्हता, म्हणून ती खोटं बोलली. तो वेळ तिचा कुणी खाल्ला? त्या वर्षी खाल्ला, यंदाही खातोच आहे.

जो कुणी असेल त्यानं बाजाराच्या दिवशी आर्णीला यावं. फाटका का होईना, माझा दुपट्टा आहे. त्याच्याखाली हात घालावा आणि बोटांनीच सांगावं, एका वॉर्डाला सिस्टर किती. जवाब मिळाल्याशिवाय मी हात सोडणार नाही.